‘गोल्डन’ म्हणून लावलं, पण त्या झुडपाचं खरं नाव काय?

मित्रांनो, पोस्ट लांब आहे. लेकरं-नातवंडं घेऊन बागेत जात असाल तर सवड काढून वाचा.

मागच्या आठवड्यात नातवाला घेऊन आमच्या वस्तीजवळच्या बागेत गेलो होतो. मी बाकावर बसलेलो, तो घसरगुंडीवर. थोड्या वेळानं मूठ भरून पिवळीधमक, वाटाण्याएवढी फळं घेऊन आला. “आबा, पाहा न, कित्ती सारे बोरं!”

“तोंडात टाकलं काय रे?”

“एकच चावलं. थुकून देल्लं.”

पोट्टं ठणठणीत आहे, काळजी नको. पण त्या दिवशी माझ्या पोटात जो गोळा आला, त्यातून ही पोस्ट निघाली. बागेत पाणी घालणाऱ्या भाऊंना विचारलं, हे कशाचं झाड? ते म्हणाले, “साहेब, ते गोल्डन हाय. नर्सरीवाल्यानं गोल्डन म्हणूनच देल्लं.” बागेत फिरायला येणाऱ्या चार जणांना विचारलं. एक म्हणाले मेहंदी, एक म्हणाले शोची झाडं, दोघांनी खांदे उडवले. ज्या झुडपाजवळून आपण रोज जातो, त्याचं नाव सांगणारा एक माणूस त्या बागेत नव्हता. पाटी तर नव्हतीच.

त्याचं नाव दुरांटा. रस्त्याच्या दुभाजकावर, चौकातल्या पुतळ्याभोवती, शाळा-बँकांच्या फाटकाशी जे पोपटी-पिवळ्या पानांचं कातरलेलं कुंपण दिसतं, ते बहुतेक वेळा हेच. आता कोणी म्हणेल, आम्ही वर्षानुवर्षं पाहतो, फळं तर कधी दिसली नाहीत. बरोबर आहे. दर महिना-दोन महिन्यांनी कात्री चालली तर कोवळे शेंडे छाटले जातात, फूलच धरत नाही. कंत्राट संपलं, माळी बदलला, कात्री थांबली की फांद्या लांबतात, जांभळ्या फुलांचे तुरे लोंबतात आणि मग पिवळ्या-नारिंगी फळांच्या माळा. म्हणजे बागेची देखभाल जितकी ढिली, तितकी फळं जास्त. आणि ती नेमकी लेकराच्या हाताच्या उंचीवर.

दुरांट्याचं फळ खाण्याचं नाही. त्यात सॅपोनिन वर्गातली द्रव्यं असतात. मळमळ, उलट्या, ताप, गुंगी, झटके असा त्रास होऊ शकतो, आणि लहान मुलं व पाळीव कुत्री दगावल्याच्या नोंदी जगात आहेत. बुलबुल मात्र तीच फळं मजेत खातात. त्यामुळे “पाखरू खाते म्हणजे आपल्यालेही चालते” हा आपला जुना ठोकताळा इथं साफ खोटा ठरतो. पाखरं फळ गिळतात, बी तसंच बाहेर टाकतात. त्यांचं शरीर वेगळं, आपलं वेगळं.

ओळखायचं कसं? पानं समोरासमोर, काठाला बारीक दाते. कधी कधी फांदीवर काटे. फूल निळसर जांभळं. आणि फळाच्या टोकाशी चिमणीच्या चोचीसारखं एक वळलेलं टोक. हे टोक म्हणजे फुलाचा बाहेरचा निदलपुंज, तो फळाभोवती चिकटून राहतो. ही चोच एकदा पाहिली की दुरांटा पुन्हा चुकत नाही.

आता हे झुडूप आपल्याकडं आलं कुठून? मूळचं ते अमेरिकेतलं. मेक्सिको, कॅरिबियन बेटं आणि तिथून खाली दक्षिण अमेरिकेपर्यंत. नाव पडलं कास्तोरे दुरांते या सोळाव्या शतकातल्या इटालियन वैद्याच्या आठवणीत. हा माणूस पोपचा वैद्य होता आणि औषधी वनस्पतींवर त्यानं मोठा ग्रंथ लिहिला. वैद्याच्या नावाचं झुडूप आणि फळ विषारी, नशिबाचा खेळ म्हणायचा! १७५३ साली स्वीडनच्या लिनियसनं आपल्या ग्रंथात ते नाव पक्कं केलं. त्याच वर्षी, त्याच ग्रंथात आणखी एका अमेरिकन झुडपाचं नाव नोंदलं गेलं. त्याला आपण वर्धेकर चांगलंच ओळखतो. घाणेरी. कोणी टणटणी म्हणतं, आपल्या जंगलपट्ट्यात रायमुनिया म्हणतात.

घाणेरीची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण शोभेचं झुडूप बागेतून निघून कुठपर्यंत जातं हे तिच्याइतकं कोणीच दाखवलं नाही.

सतराव्या शतकात डच लोकांनी ती ब्राझीलहून युरोपात नेली. एकाच गुच्छात पिवळी, गुलाबी, केशरी फुलं, श्रीमंतांना फार आवडली. बागाईतदारांनी संकर करून करून नवे नवे रंग काढले. आज आपल्याकडं जी आहे ती जंगलातली मूळ घाणेरी नव्हे. माणसानं बागेसाठी घडवलेली, संकरातून चिवट झालेली आहे. हिंदुस्थानात ती आली १८०९ च्या सुमारास, कलकत्त्याच्या सरकारी वनस्पती उद्यानात. १७८७ मध्ये कर्नल किडनं ते उद्यान सुरू केलं होतं, आणि त्या काळात विल्यम रॉक्सबर्ग त्याचा प्रमुख होता. जगभरातून रोपं यायची, तिथं रुजायची आणि मग छावण्यांत, बंगल्यांत, मिशनच्या आवारांत वाटली जायची.

या रॉक्सबर्गचा जवळचा मित्र कोण, माहीत आहे? विल्यम कॅरी. मराठीचं व्याकरण १८०५ मध्ये आणि कोश १८१० मध्ये छापणारा तोच मिशनरी. फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवायचा, पंडित वैजनाथ यांच्या मदतीनं मराठी पुस्तकं काढायचा, आणि उरलेल्या वेळात श्रीरामपूरला स्वतःची बाग फुलवायचा. १८२० मध्ये त्यानं कृषी आणि उद्यानविद्येची संस्था काढली. रॉक्सबर्गच्या मृत्यूनंतर त्याचा वनस्पतींवरचा ग्रंथही कॅरीनंच छापून आणला. कॅरीनं घाणेरी आणली असं मी म्हणत नाही, उगाच त्याच्यावर आळ नको. सांगायचं एवढंच की त्या एका वर्तुळात आपली भाषा आणि आपल्या बागा एकाच वेळी छापील होत होत्या. शब्दांचा कोश झाला, झाडांची यादी झाली. यादीतल्या परदेशी झुडपांना मराठी नावं मात्र लोकांनी नंतर आपापल्या नाकानं दिली. घाणेरी हे नाव तसंच. पान चुरगाळून हुंगा, कळेल.

आपलं वर्धा शहर या गोष्टीत बरंच उशिरा येतं. १८६२ मध्ये नागपूरपासून वर्धा जिल्हा वेगळा झाला. आधी मुख्यालय पुलगावजवळ कवठ्याला होतं. १८६६ मध्ये ते पालकवाडीला हलवलं आणि तिथं आखून-रेखून नवं शहर वसवलं. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. असं नव्यानं आखलेलं शहर म्हणजे सरळ रस्ते, सिव्हिल लाइन्स, साहेबांचे बंगले, आणि बंगल्याभोवती कुंपण. दगडी भिंत महाग. काटेरी, ढोरं न खाणारं, पाण्यावाचून तगणारं झुडूप स्वस्त. त्या काळातल्या गोऱ्या वस्त्यांत घाणेरी याच कामासाठी लावली जायची. ढोरं खात नाहीत हा तिचा गुण मानला गेला. पण उन्हाळ्यात चारा संपला की भुकेलं जनावर खातंच. मग यकृत बिघडतं, उन्हात कातडी सोलते, कावीळ होते. आपल्या शेतकऱ्यांना हे कोणी शिकवायची गरज नाही, नुकसान सोसून शिकलेले आहेत.

फळं पाखरांनी खाल्ली आणि बिया वाटेल तिथं टाकल्या. कुंपण ओलांडून घाणेरी पडीत रानात, तिथून जंगलात. इंग्रज सरकारच्या लक्षात आलं तोवर उशीर झाला होता. १९२१ मध्ये हवाईहून एक माशी आणली, घाणेरीच्या फळात अंडी घालणारी. १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियाहून पानं शोषणारा एक किडा आणला. घाणेरीनं दोघांनाही पचवलं. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांच्या अभ्यासानुसार देशातल्या वाघांच्या अधिवासापैकी ४० टक्क्यांहून जास्त क्षेत्रात, म्हणजे दीड लाख चौरस किलोमीटरपेक्षा अधिक जागेत, ती पसरलेली आहे. आपला बोर व्याघ्र प्रकल्प, १९७० चं अभयारण्य, २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झालेलं, देशातल्या सगळ्यात लहान प्रकल्पांपैकी एक. तिथल्या जंगलातही रायमुनिया दिसते. तिच्याखाली गवत नीट येत नाही. गवत नाही तर चितळाला चारा कमी. चितळ कमी तर वाघ शेताकडं. सेलू, हिंगणी, कारंजाकडच्या शेतकऱ्यांना पुढचं सांगायला नको.

आणि आजही नर्सरीत बुटक्या, पिवळ्या-जांभळ्या फुलांची ‘लँटाना’ म्हणून तीच घाणेरी कुंडीत विकली जाते. नाव इंग्रजी केलं की झुडूप उजळतं!

घाणेरीची फळं बारीक, झुपक्यात, आधी हिरवी, पिकल्यावर चमकदार निळी-काळी. आमच्या पिढीनं शाळेतून येता येता पिकलेली खाल्लेली आहेत, खोटं कशाला बोलू. कच्च्या हिरव्या फळांबद्दल मात्र जपायला हवं. १९६४ मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडामधल्या डॉक्टरांनी हिरवी फळं खाल्लेल्या मुलांची नोंद छापली होती, त्यात एक मूल दगावलं. २०१० मध्ये कॅलिफोर्नियातल्या सहाशेहून जास्त मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा बहुतेकांना काहीही झालेलं नव्हतं. तेव्हा घाबरून जायचं कारण नाही, पण खायचं कारणही नाही. तिची ओळख सोपी: चौकोनी खोड, त्यावर बारीक काटे, खरखरीत पान, आणि वास.

आता पिवळी कण्हेर. हिला कोणी परदेशी म्हटलं तर भांडण होईल. श्रावणात महादेवाला वाहतात, देवळाच्या आवारात असतेच, आणि तिच्या फळाच्या बियांना आपण बिट्ट्या म्हणतो. गोट्या नसल्या की बिट्ट्या खेळायचो. पण तीही मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचीच. तिच्या जुन्या शास्त्रीय नावात आंद्रे तेवे हा फ्रेंच संन्यासी लपलेला आहे. १५५५ च्या सुमारास तो ब्राझीलला जाऊन आला आणि परतल्यावर त्या मुलखावर पुस्तक लिहिलं. चारशे-साडेचारशे वर्षांत एखादं झाड इतकं आपलं होतं की देवाला चालतं. मला यात काही वावगं वाटत नाही. मिरची आणि पेरूही तिकडचेच आहेत. पण हे झाड अख्खं विषारी आहे, आणि बी सगळ्यात जास्त. विष थेट हृदयाच्या ठोक्यांवर जातं. पानं अरुंद, लांब. तोडलं की पांढरा चीक. फळ हिरवं, काहीसं त्रिकोणी, मधोमध आडवी धार, पिकलं की काळं. आपल्या लहानपणी घराघरांतल्या म्हाताऱ्या ओरडायच्या, “बिट्ट्या खेळा, पण तोंडात टाकू नोका, हात धुवा.” फ्लॅटमध्ये राहणाऱ्या लेकरांना हे ओरडणारं कोणी उरलं नाही.

याच रांगेतली चंद्रज्योत. चौकात नसते, पण खेड्यातल्या शाळेच्या कुंपणाला हमखास. हीसुद्धा अमेरिकेची. २००३ च्या सुमारास दिल्लीत जैवइंधनाचं वारं सुटलं, पडीत जमिनीवर चंद्रज्योत लावा, डिझेल काढा. डिझेल किती निघालं ते सोडा, झुडपं उरली. बी भुईमुगाच्या दाण्यासारखं गोडसर लागतं, म्हणून मुलं एक खाऊन थांबत नाहीत, मित्रांनाही वाटतात. विदर्भात पाच-दहा विद्यार्थ्यांना एकदम उलट्या-जुलाब, दवाखान्यात भरती, अशी बातमी अधूनमधून येते ती बहुधा हिचीच. वेळेत सलाइन लागलं तर बहुतेक मुलं एक-दोन दिवसांत बरी होतात. पण दर वेळी तीच बातमी आणि दर वेळी तेच कुंपण.

एवढं वाचून कोणी कुऱ्हाड घेऊन निघेल म्हणून उरलेल्या दोन-तीन झुडपांचंही सांगतो. नारिंगी-लाल नळीसारख्या फुलांचं हॅमेलिया. पानं एका पेरावर तीन-तीन, फळ हिरव्याचं पिवळं, लाल आणि शेवटी काळं, टोकाला बारीक मुकुट. तेही अमेरिकेचंच, पण तिथं त्याची पिकली फळं लोक खातात. त्यावर शिंजीर येतो, फुलपाखरं येतात. बागेसाठी चांगलं झुडूप.

आणि कुंती. हिला कामिनीही म्हणतात. ही आपली, याच उपखंडातली. गर्द चकचकीत पानं, पांढरी फुलं, संध्याकाळी सगळा चौक सुगंधी, आणि नंतर लालबुंद लांबट फळं. गोडनिंबाची, म्हणजे कढीपत्त्याची ही सख्खी नातेवाईक. पान चुरगाळलं की संत्र्याच्या सालीसारखा हलका वास येतो. माणसानं खावं असं तिचं फळ नाही, पण बुलबुलांची चंगळ होते. कातरून कुंपणही सुरेख होतं. करवंदाचंही तसंच. काटेरी कुंपण, त्याला चीकही येतो, पण फळ खाण्याचं. तेव्हा “चीक आला म्हणजे विष” हाही ठोकताळा पुरेसा नाही. एकेक झुडूप ओळखूनच घ्यावं लागतं, त्याला आखूड वाट नाही.

ओळखून घ्यायची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. हे आपल्याच गावात कोणीतरी फार आधी मनावर घेतलं होतं. १९३४ मध्ये गांधीजी वर्ध्याला आले. ग्रामोद्योग संघासाठी जमनालाल बजाजांनी आपली बाग दिली, तीच आजची मगनवाडी. तिथं असताना १९३५ मध्ये गांधीजींनी ‘हरिजन’ साप्ताहिकात हिरव्या पाल्याच्या आहारमूल्यावर लिहिलं. गरिबाला भाजी विकत घेता येत नाही, तर आपल्या आसपास आपोआप उगवणारा कोणता पाला खाता येतो हे शोधलं पाहिजे, अशी ती दृष्टी होती. पुढं २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यातच शिक्षण परिषद भरली. डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीनं जो अभ्यासक्रम केला, त्यातल्या सामान्य विज्ञानात निसर्गनिरीक्षण होतं. भोवतालची पिकं, झाडं, पशुपक्षी मुलाला ओळखता आले पाहिजेत. जगभर ‘वर्धा योजना’ म्हणून ती गाजली. त्याच वर्ध्यातल्या बागेत नातू विचारतो हे काय, आणि मोठी माणसं म्हणतात, “गोल्डन.”

सेवाग्रामला गेलात तर बघा. बापूंनी १९३६ मध्ये लावलेला पिंपळ आणि बांनी लावलेला बकुळ, दोन्ही तिथं दाखवले जातात. बकुळीलाही फळं येतात, शेंदरी, तुरट-गोड, खाता येणारी. झाडाचं नाव, ते कुणी लावलं, हे सगळं माहीत असतं तेव्हा आई लेकराला बिनघोर फळ वेचू देते.

आपल्याकडं १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे, वृक्ष प्राधिकरण आहे, वृक्षगणना आहे. मोजणीत वड, पिंपळ, कडुनिंब येतात. कमरेएवढी, बिननावाची, टेंडरमध्ये ‘शोभिवंत रोपे’ एवढ्या दोन शब्दांत आलेली झुडपं त्यात कुठं दिसत नाहीत. माझं म्हणणं एवढंच आहे: रोपं घेताना कागदावर नाव लिहा. मुलांच्या खेळण्याजवळ दुरांटा, पिवळी कण्हेर, घाणेरी लावू नका, तिथं कुंती लावा, हॅमेलिया लावा. आधी लावलेला दुरांटा उपटायचा नसेल तर फळ धरायच्या आत कातरा. आणि प्रत्येक कुंपणाला एक पाटी.

लेकरानं काही खाल्लंच तर घरच्या घरी उलटी करवायला जाऊ नका, मिठाचं पाणी पाजू नका. तोंडातलं काढा, चूळ भरायला लावा, आणि त्या झुडपाची पानाफळासकट एक फांदी पिशवीत घालून सोबत न्या. सेवाग्राम, सावंगी, जिल्हा रुग्णालय, जे जवळ असेल तिथं. “काहीतरी पिवळं खाल्लं” यापेक्षा ती फांदी डॉक्टरला शंभरपट उपयोगाची.

आमच्या बागेपुरतं आम्ही चार जणांनी काम सुरू केलं. रविवारी वस्तीतली पोट्टी जमवली, पत्र्याच्या तुकड्यांवर रंगानं नावं लिहिली. दुरांट्याच्या पाटीवर नातवानं लाल रंगात लिहिलं: ‘दुरांटा. खाऊ नये.’ पाणी घालणारे भाऊ आले, पाटी वाचली आणि म्हणाले, “कंसात गोल्डनही लिवा ना साहेब. नाहीतर लोकायले कसं समजन का हे तेच हाय म्हणून?”

लिहिलं. त्यांचं बरोबर होतं.